भूत कोणाचं, हे आधी ठरवा

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. सातवी-आठवीची मुलं वाचनाच्या तासाला भुताच्याच गोष्टी मागतात, म्हणून त्यांनी शाळेच्या दिवाळी हस्तलिखितासाठी स्वतःच एक कथा लिहिली. गावात एक वाडा कित्येक वर्षं बंद आहे. त्या घरच्या सुनेने विहिरीत जीव दिला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कथेत तीन मुलं पैजेखातर त्या वाड्यात रात्र काढतात. मागच्या न्हाणीच्या दाराशी पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, बांगड्या वाजतात, आणि शेवटच्या पानावर कळतं की ते मांजर होतं. वर्गात वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मांजरच निघणार हे माहीत होतं.’ दुसऱ्या दिवशी मात्र एका मुलीची आई तक्रार घेऊन आली: मुलगी रात्री न्हाणीकडे एकटी जायला तयार नाही. एक सहकारी म्हणतात, ही गोष्ट जादूटोणाविरोधी कायद्यात बसेल. मुख्याध्यापक म्हणतात, शेवटी खुलासा आहे ना, मग घ्या. बाईंचा प्रश्न असा की मुलांना घाबरवावं का, आणि एकच गोष्ट एकाला हसवते अन् दुसरीची झोप उडवते, हे कसं?

ताई, नमस्कार.

कायद्याचं आधी उरकून टाकू. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात शिक्षा आहे ती कृत्यांना. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, भूत बोलावतो अशी धमकी देऊन घबराट पसरवणं, कोणाला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणं, अशी ती यादी आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गोष्ट म्हणून सांगितलेली गोष्ट त्यात बसत नाही. फक्त कथेच्या वर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहू नका. मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं, तरीही. त्या तीन शब्दांनी तुम्ही गोष्ट सांगणं सोडून दावा करायला लागता.

आता तुमच्या पत्रात जे गृहीत धरलं आहे त्याकडे येऊ. तुम्ही, तुमचे सहकारी आणि मुख्याध्यापक, तिघांचाही वाद एकाच मुद्द्यावर चालला आहे: भूत दाखवायचं की शेवटी खोडायचं. मला तुमची कथा वाचताना अडलं ते दुसरीकडेच. हे भूत कोणाचं आहे? ते एका खऱ्या बाईचं आहे. तिच्या घरची माणसं याच तालुक्यात कुठेतरी राहत असणार. तिच्या माहेरचं एखादं पोर कदाचित तुमच्याच शाळेत असेल. जिवंतपणी जिला त्या घरात जगणं अशक्य झालं, तिला मेल्यावर आपण न्हाणीच्या दाराशी उभं करून मुलांना तिची भीती घालतो. ज्यांच्यामुळे तिच्यावर ती वेळ आली ते कथेत कुठेच नाहीत. मुख्याध्यापकांना हवा असलेला खुलासा हे दुरुस्त करत नाही. मांजर निघालं तरी बाई बदनाम झालेली असतेच.

आपल्या भागात हे आणखी जपून करायला हवं. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडलेले आहेत. बहुतेकदा ती एकटी असते, म्हातारी असते, किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. तुमच्या सहकाऱ्यांचं कायद्याचं म्हणणं चुकलं, पण त्यांची काळजी अगदीच बिनबुडाची नाही. म्हणून एक नियम सरळ पाळा: एकटी राहणारी म्हातारी, विधवा, मूल नसलेली बाई, बाळंतपणात गेलेली बाई, यांना भूत करायचं नाही. हडळ, डाकीण, पांढरं लुगडं, मोकळे केस, उलटे पाय हे सगळं सामान बाजूला ठेवा. तसंही त्यातलं काहीच आता आठवीच्या मुलाला घाबरवत नाही. त्याने ते मोबाइलवर शंभरदा पाहिलेलं असतं.

वाडा खरा घेण्यात दुसराही धोका आहे, आणि तो भुताहून मोठा आहे. गोष्ट वाचून पोरं तिकडे जाणार. पैजेची गोष्ट वाचली की पैज लागतेच. आपल्याकडचे जुने वाडे पांढऱ्या मातीचे, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची असते. घर बंद पडलं की ते थांबतं, पाणी मुरतं आणि तुळया आतून कुजतात, त्यात वाळवी. खालून पाहिलं तर छत शाबूत दिसतं. वर पाय ठेवला की माणूस मातीसकट खाली. भिंतींच्या भेगांत नाग, मण्यार, घोणस निघू शकतात. मागची विहीर गवताने झाकलेली आणि कठडा ढासळलेला. म्हणून सायकलवर पाच मिनिटांत गाठता येईल अशी जागा कथेत नको. काल्पनिक गाव घ्या. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण गावातली माणसं घर ओळखतात ते दारातल्या झाडावरून, विहिरीच्या जागेवरून, आडनावावरून आणि ‘अमक्या साली’ या दोन शब्दांवरून. या चारही गोष्टी बदला. दोन-तीन वेगवेगळ्या घरांचे भाग जोडून एक नवं घर बांधा.

मग भूत कोणाचं घ्यायचं? त्या घराकडे ज्याचं काही येणं राहिलं आहे, त्याचं. झपाटलेल्या घराच्या गोष्टीचा हाच कणा आहे, भाषा कुठलीही असो. घराने कोणाचं तरी बुडवलेलं असतं आणि ते कोणीतरी विसरलेलं असतं. या वयाच्या मुलांना अन्याय फार चटकन कळतो. भुताला कारण असलं की त्यांना भीतीही वाटते आणि त्याची बाजूही घ्यावीशी वाटते; दोन्ही एकाच वेळी वाटलं तर गोष्ट लक्षात राहते. नुसतं ‘तिथे काहीतरी आहे’ एवढ्याने पान-दोन पानं निघतात, पुढे हसू यायला लागतं.

खानदेशात असं येणं शोधायला लांब जायला नको. सालदाराचंच घ्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुनं साल संपतं, हिशोब होतो, नवं साल ठरतं. त्याच दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण काढायचा आणि जिवंत माणसाचा हिशोब चुकता करायचा दिवस एकच. त्यात भाव वाढेल या आशेने कित्येक घरांत कापूस उन्हाळ्यापर्यंत पडून असतो. एवढं आपल्या अंगणात असताना दुसऱ्या कोणाच्या गोष्टींतले पडके बंगले आणि झुंबरं उसनी आणायची कशाला?

एक आराखडा देते. तो तुमच्या कथेत जसाच्या तसा घेण्यासाठी नाही. भीती कशी चढवायची हे दाखवायला एक नमुना हातात असलेला बरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून एक मुलगा आजोळी येतो. त्याची दोन मामेभावंडं तिथलीच, त्यातली थोरली मुलगी. वाड्याच्या माडीवर एका खोलीत कापूस भरलेला आहे. सकाळी खोली उघडली तर ढिगावर एक खळगा, कोणी लहान मूल अंग मुडपून झोपावं तेवढा. आजोबा म्हणतात, कापूस आपल्याच वजनाने बसतो. मुलं खळगा भरून ढीग सारखा करतात. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा. आता मुलांना वाटतं कुत्रं झोपत असेल. रात्री दाराला कुलूप, चावी थोरलीच्या उशाखाली. तिसऱ्या सकाळी खळगा आहेच आणि हात लावला तर तो गरम आहे. इथे वर्गात शांतता होईल. पण त्याचंही कारण निघतं: व्यापारी खेडा खरेदीला, म्हणजे घरी येऊन कापूस घ्यायला, येणार म्हणून मामाने वजन वाढवायला गुपचूप पाणी शिंपडलेलं असतं, आणि ओल्या कापसाचा ढीग आतून तापतो. मामाची लबाडी उघडी पडते, मुलं खूश. मग थोरलीला जुन्या चोपडीत सालदारांचे हिशोब सापडतात. एका सालदाराच्या पानावरचा हिशोब आखाजीच्या आधीच थांबलेला, पुढे पान कोरं. आजीला विचारल्यावर ती सांगते की त्याचा मुलगा कापूस राखायला ढिगावरच झोपायचा. तो तापाने गेला आणि बाप हिशोब न घेताच गाव सोडून निघून गेला. आखाजीच्या आदल्या रात्री आजी ते कोरं पान पूर्ण करते. आणि सकाळी ढिगावर दोन खळगे असतात, एक लहान आणि त्याच्या शेजारी एक मोठा. त्यानंतर पुन्हा कधीच नाहीत.

यात मांजराचं काय झालं ते पाहा. तुमच्या कथेत खुलासा शेवटी एकदम आला, म्हणून मुलांना फसवल्यासारखं वाटलं. वीस मिनिटं जीव मुठीत धरायला लावला आणि बिल मांजराच्या नावावर फाडलं. खुलासे असावेतच, भरपूर असावेत, पण ते मधे यावेत आणि मुलांनी शोधून काढलेले असावेत. एक कारण सापडतं, जरा हायसं वाटतं, आणि तेवढ्यात पुढची खूण येते. सगळी कारणं तपासून संपल्यावर एकच लहानशी गोष्ट शिल्लक ठेवायची आणि ती सोडवायची नाही. ती लहानच हवी. दार आपोआप उघडलं, भांडी उडाली, भिंतीतून रक्त आलं, असं काही शिल्लक ठेवलंत तर उरते ती नुसती थाप. शेजारी दुसरा खळगा दिसतो एवढं पुरे. मुख्याध्यापकांनाही हे पटवता येईल, कारण या रचनेत मुलं पाच वेळा ‘कारण काय असेल’ असं विचारतात. शेवटी चिकटवलेल्या एका वाक्यापेक्षा ती चौकसपणाची बरी तालीम आहे.

खुलाशांसाठी खरी माहिती वापरा. मुलं तपासून बघतात, आणि माहिती खरी निघाली की तुमच्या उरलेल्या एका गूढावरही विश्वास टाकतात. जाड मातीच्या भिंती दिवसभराचं ऊन पितात आणि रात्रभर सोडत राहतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पहाटे बराच उतरतो. त्या फरकाने सागाच्या तुळया आणि कड्या आकसतात आणि ‘कट्’ असा स्पष्ट आवाज करतात. रात्र चढत जाते तसा तो इकडून तिकडे सरकल्यासारखा वाटतो, कारण सगळी लाकडं एकाच वेळी थंड होत नाहीत. गव्हाणी घुबड घुमत नाही, ते चिरकतं. त्याची पिल्लं तासन्‌तास फुसफुसत राहतात, कोणी घोरत असल्यासारखी, आणि उडताना खालून ते पांढरं दिसतं. गढीच्या भोकांत ते हमखास असतं. उदमांजर रात्री पोटमाळ्यावर चाललं तर खाली माणसाच्या पावलांचा भास होतो. आणि कापूस आवाज पितो. भरलेल्या खोलीत टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विझते, घुमत नाही. आपला आवाजही आपल्याला परका वाटतो. ही शेवटची गोष्ट तर भूत न आणताही अंगावर काटा आणते. कापसात लोळल्यावर अंगाला सुटणारी खाज विसरू नका. पुण्याच्या पोराला ती सुटणारच, आणि बाकीच्यांना हसायला मिळेल. घाबरवण्याआधी हसवलेलं मूल बेसावध असतं.

घर मात्र नीट बांधायला हवं. तुमच्या कथेत वाडा ‘भव्य’ आहे, ‘भयाण’ आहे, ‘पुरातन’ आहे, पण न्हाणी माजघराच्या कोणत्या बाजूला ते कळत नाही. मुलं पळतात तेव्हा कुठून कुठे पळाली हे वाचणाऱ्याला दिसत नाही, मग त्याला त्यांची भीती कशी वाटणार? लिहायला बसण्यापूर्वी चौकटीच्या वहीच्या पानावर वाड्याचा नकाशा काढा. ओटा, दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चारही बाजूंची ओसरी, माजघर, देवघर, सैपाकघर, धान्याचं बळद, भिंतीच्या जाडीतून वर जाणारा अंधारा जिना, माडी, वर धाबं. मग त्यातल्या फक्त चार जागा कथेसाठी निवडा. कथेच्या पहिल्या भागात, भर दुपारी, मुलांना त्या चारही जागांतून एकदा फिरवून आणा. जिन्याची चौथी पायरी मोडकी आहे हे उजेडातच सांगून टाका. रात्री नवीन काहीही दाखवायचं नाही, त्याच जागा पुन्हा दाखवायच्या. बाहेरच्या दारापासून भुताच्या जागेपर्यंत किती उंबरे ओलांडावे लागतात ते मोजून ठेवा. आमच्या नमुन्यात ते चार आहेत. प्रत्येक उंबऱ्यावर एक वाक्य खर्च करा, म्हणजे परतताना पोरं स्वतः मोजू लागतात.

दिवस आणि रात्रीचं प्रमाणही ठरवून घ्या. या वयासाठी अठराशे शब्द पुरे. मोठ्याने वाचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि तासात बोलायला वेळ उरतो. त्यातले पहिले चारशे शब्द ऊन, आंबरस, भांडणं, झोके. मग पहिली खूण, इतकी साधी की निम्म्या वाचकांच्या नजरेतून सुटावी. एकच खूण तीनदा, दर वेळी थोडी वाढलेली. नवशिक्या लेखकाची चूक हीच होते की तो आवाज, सावली, वास, थंड वारा, विझणारा दिवा सगळं एकाच रात्री सोडतो. तुमच्याकडे बांगड्याही आहेत आणि बाईही. एकच ठेवा. विशेषणं काढा: ‘भयानक शांतता’ लिहिल्यावर शांतता कमी होते. भीतीच्या जागी वाक्यं लांबवू नका, लहान करा, आणि मुलांनी काय केलं तेच लिहा. त्यांना काय वाटलं ते वाचणाऱ्याला वाटू द्या.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कथेतली तुमच्या गावची तीन पोरं ‘अरे मित्रा, मला भय वाटते आहे’ असं बोलतात. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा. संवाद अहिराणीत येऊ द्या. ‘तठे कोन शे?’ (तिथे कोण आहे?) हे तीन शब्द अंधारात जे करतात ते तुमच्या पूर्ण परिच्छेदाला जमलेलं नाही. पुण्याहून आलेलं पात्र असल्याने न कळलेल्या शब्दाचा अर्थ त्याने विचारला तरी ते ओढूनताणून वाटत नाही. भुताला शक्यतो बोलायला लावू नका. लावलंच तर एकदाच आणि एकच ओळ: ‘मनं साल भरनं का?’ (माझं साल भरलं का?) ती अर्धवट झोपेत त्या शहरी मुलालाच ऐकू यावी, कारण सालाचा अर्थ त्यालाच माहीत नसतो. सकाळी तो निरागसपणे विचारतो आणि आजीच्या हातातला चहाचा कप थांबतो.

आता त्या मुलीबद्दल, कारण तक्रार खरी आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना गोष्ट खोटी आहे हे चांगलं कळतं. रात्री अंगण ओलांडून एकटं जायचं असतं तेव्हा ते कळणं उपयोगी पडत नाही, एवढंच. तुमची कथा तिला लागली ती कथा फार भीतिदायक होती म्हणून नव्हे. भूत न्हाणीच्या दाराशी उभं होतं म्हणून. तिला रोज रात्री तिथे जावं लागतं. रोज वापराव्या लागणाऱ्या जागा भुताला द्यायच्या नाहीत: न्हाणी, संडासाची वाट, पाण्याचा रांजण, आरसा, पलंगाखालचा अंधार, शाळेतून घरी येतानाचा ओढा. भूत अशा ठिकाणी ठेवा जिथे मूल मुद्दाम गेल्याशिवाय पोचत नाही. हा नियम माझ्या नमुन्यालाही जाचतो, कारण दिवाळीत निम्म्या घरांत कापूस असणार आणि पोरं त्यावरच लोळणार. म्हणूनच तिथला कापूस माडीवर कुलपात आहे, आणि ढिगावरचं पोर कोणाला काही करत नाही, फक्त झोपतं. तेवढंही नको वाटलं तर कापसाऐवजी धान्याचं बळद घ्या. खळगा धान्यावरही पडतो.

तिच्या आईला भेटा. ‘अहो, गोष्टच तर होती’ असं म्हणू नका. आठवडाभर कोणीतरी दिवा घेऊन सोबत जावं. पुढे दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत, असं अंतर कमी करत आणावं. चेष्टा करायची नाही आणि ‘एवढी मोठी झालीस’ हेही ऐकवायचं नाही. मुलीला शेवट बदलायला सांगा: न्हाणीच्या दाराशी कोण होतं ते आता तू लिही. बहुतेक मुलं भूत हास्यास्पद तरी करतात नाहीतर बिचारं, आणि दोन्हींनी काम होतं. यानंतरही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, शाळा बुडत असेल, तर कारण तुमच्या गोष्टीपलीकडचं असू शकतं. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवायला सांगा. दृष्ट काढून, अंगारा लावून वेळ घालवू नये, हे मात्र तुम्ही स्पष्ट बोला. शिक्षकाच्या तोंडून ते ऐकलं जातं.

वर्गात वाचताना कथा सकाळच्या तासाला घ्या, शनिवारच्या शेवटच्या तासाला नको. शनिवारी ऐकलेलं घेऊन मूल दोन रात्री एकटं राहतं. खिडक्या बंद करून अंधार करू नका. सुरुवातीलाच सांगा की ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी वाचनालयात बसावं, आणि दोन पुस्तकं आणून देण्याचं काम त्यांच्याकडे द्या, म्हणजे उठून जाणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. वाचून झाल्यावर दहा मिनिटं राखून ठेवा. कोणत्या खुणेचं काय कारण निघालं आणि काय उरलं, हे मुलांना फळ्यावर मांडू द्या. उरलेल्याचं उत्तर मागितलं तर देऊ नका, तुम्हालाही ते ठाऊक नाही असं सांगा.

हस्तलिखितात घेण्याआधी नवी कथा तीन मुलांना वाचून दाखवा; त्यातलं एक मागच्या बाकावरचं ते मांजरवालं असावं. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. मुलं जिथे चुळबुळली तिथे समासात एक रेघ, जिथे हलायची थांबली तिथे टिंब. रेघा सलग आल्या तो भाग निम्मा करा. टिंबं एकाच पानावर गर्दीने आली असतील तर त्यातलं एक टिंब मागे हलवा. आणि चित्र काढणाऱ्या मुलाला भूत काढू देऊ नका, तो पहिल्याच पानावर पांढरं लुगडं काढून मोकळा होईल. त्याला नकाशा काढायला सांगा, चौकापासून माडीपर्यंत, मोडक्या पायरीसकट. तो कथेच्या आधीच्या पानावर घ्या.